एकोणपन्नासांत एक

अर्नी चेंबर्स हे नाव ऐकलं नसेल तर आधी ‘अ टाइम फॉर बर्निंग’ हा माहितीपट बघा. १९६६ सालचा, कृष्णधवल, जेमतेम तासाभराचा. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात एक गोरा ल्युथरन पाद्री, बिल यंगडाल, आपल्या चर्चमधल्या मंडळींना एक साधी गोष्ट सुचवतो. शहरातल्या काळ्या ल्युथरन कुटुंबांच्या घरी जाऊन भेटू या, त्यांना आपल्या घरी बोलावू या. तेवढ्यावरून चर्च पेटतं आणि शेवटी पाद्र्यालाच राजीनामा द्यावा लागतो. पण मी सांगतेय ते त्यातल्या सलूनमधल्या प्रसंगाबद्दल. पाद्री काळ्यांच्या वस्तीतल्या एका केशकर्तनालयात येतो आणि तिथला तरुण न्हावी त्याच्याशी बोलू लागतो. आवाज चढत नाही, शिवी नाही, हातवारे नाहीत. तुमच्या माणसांनी जगभर काय केलं, बायबल हातात घेऊन काय केलं, आणि तुम्ही आता चांगल्या मनाने आलात तरी तुमचं चर्च तुम्हाला टिकू देणार नाही, असं तो एकेक वाक्य जोखून सांगतो. पाद्री ऐकत राहतो. आणि पुढे होतंही अगदी तसंच!

हा न्हावी म्हणजे अर्नेस्ट विल्यम चेंबर्स. वय एकोणतिशीच्या आतबाहेर. माहितीपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं, तो संपला, आणि मला वाटलं की या माणसाचं पुढे काय झालं ते बघू तरी. बघायला गेले आणि अडकले ती अडकलेच. कारण पुढे झालं ते असं की हा न्हावी १९७० साली निवडणूक जिंकून नेब्रास्काच्या विधिमंडळात गेला आणि तिथे एकूण ४६ वर्षं बसला. राज्याच्या इतिहासात इतकी वर्षं कुणीच बसलेलं नाही. त्यातला बहुतेक काळ त्या सभागृहात काळा माणूस तो एकटा होता. पक्ष नाही, गट नाही, पैसा नाही. आणि तरी त्या राज्याचे कायदे बघायला गेलं की पानोपानी त्याच्या हाताच्या खुणा सापडतात. अशी माणसं असतात आणि आपल्याला कुणी सांगत नाही! म्हणून मी सांगते.

चेंबर्स १९३७ साली ओमाहात जन्मले. ज्या शहरात १९१९ साली विल ब्राउन नावाच्या काळ्या माणसाला जमावाने न्यायालयाच्या इमारतीतून बाहेर ओढून ठार केलं, ज्या शहरात १९२५ साली माल्कम एक्सचा जन्म झाला, ते हे ओमाहा. क्रेटन विद्यापीठातून इतिहासाची पदवी घेतली, तरी उपजीविका चालली ती कात्री-कंगव्यावर. १९६६ साली उत्तर ओमाहात दंगली उसळल्या तेव्हा वस्तीच्या वतीने अधिकाऱ्यांशी बोलायला जो उभा राहिला तो हाच. अशा माणसाला लोकांनी निवडून दिलं यात नवल नाही. नवल पुढच्या गोष्टीचं आहे. तिथे पोचल्यावर त्याने घोषणा दिल्या नाहीत. त्याने नियमांचं पुस्तक वाचलं.

आणि ते पुस्तक कुठल्या सभागृहाचं होतं हे समजल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. अमेरिकेच्या पन्नास राज्यांपैकी एकट्या नेब्रास्कात विधिमंडळाचं एकच सभागृह आहे. आपल्याला विधानसभा आणि विधान परिषद ही जोडी सवयीची. तिथे बाकीच्या एकोणपन्नास राज्यांतही अशीच जोडी. नेब्रास्कातही ती होती. पण जॉर्ज नॉरिस नावाच्या ज्येष्ठ सिनेटरने १९३४ साली गावोगाव फिरून लोकांना पटवलं की दोन सभागृहांची खरी मेख त्यांच्या मधल्या बंद खोलीत आहे. दोन्हीकडची विधेयकं जुळवायला मोजकी माणसं दाराआड बसतात आणि कुणी काय सोडलं ते जनतेला कळत नाही. लोकांनी कौल दिला. १९३७ साली दोन सभागृहांतल्या १३३ सदस्यांच्या जागी एका सभागृहात ४३ सदस्य बसले. चेंबर्स आणि ते सभागृह एकाच सालचे! आज सदस्य ४९ आहेत आणि सगळ्यांना सिनेटर म्हणतात. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. समित्यांचे अध्यक्ष सदस्य आपसांत गुप्त मतदानाने निवडतात. मांडलेल्या प्रत्येक विधेयकाला जाहीर सुनावणी मिळते. कुणी दाबून ठेवलं असं होत नाही.

आता एकट्या माणसाच्या डोळ्यांनी याकडे बघा. पक्षादेश नाही म्हणजे कुणी तुम्हाला गप्प बसवू शकत नाही. प्रत्येक विधेयकाला सुनावणी म्हणजे तुम्ही मांडलेलं कुणालाही कितीही नकोसं असलं तरी त्यावर बोलावंच लागणार. आणि सगळ्यात मोठी गोष्ट वेळेची. एका वर्षी अधिवेशन ९० दिवसांचं, पुढच्या वर्षी ६० दिवसांचं; राज्यघटनेनेच मर्यादा घातलेली. त्या दिवसांत अर्थसंकल्प संपवायचा, शेकडो विधेयकं निकालात काढायची. म्हणजे त्या सभागृहात खरं चलन एकच, ते म्हणजे तास. आणि चेंबर्सना तास खर्च करता येत होते.

कसे, ते वाचताना मी अक्षरशः खुर्चीच्या टोकावर आले होते. एखादं विधेयक आवडलं नाही की ते त्यावर दुरुस्ती मांडणार. तिच्यावर बोलणार. मग तिच्यावर दुरुस्ती. ती फेटाळली गेली की फेरविचाराचा प्रस्ताव. प्रत्येक प्रस्तावावर बोलण्याचा हक्क, आणि तो हक्क शेवटच्या मिनिटापर्यंत वसूल करायचा. चर्चा बंद पाडायची तर ३३ मतं लागतात, म्हणजे दोन तृतीयांश. ती जमेपर्यंत बाकीच्यांची विधेयकं रांगेत ताटकळत. मग ज्याचं विधेयक मागे उभं आहे तो हळूच येऊन विचारणार, की तुम्हाला यात काय बदल हवाय? तिथे बोलणी सुरू. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसांत तर त्यांच्या बाकाकडे वाट वाकडी केल्याशिवाय कुणाचंच विधेयक पुढे सरकायचं नाही. पण नुसता वेळ खाणारा माणूस इतकी वर्षं टिकत नाही. चेंबर्स समोरचं विधेयक मांडणाऱ्यापेक्षा बारकाईने वाचून येत. स्वल्पविराम चुकला असेल तर तो दाखवत. एखाद्या शब्दामुळे न्यायालयात कायदा कसा कोसळेल ते सांगत, आणि त्यांच्या विरोधात मत देणारे सदस्यही ती चूक निमूट दुरुस्त करून घेत. मला हे फार मोठं वाटतं. विरोधकाने आपला कायदा सुधारून द्यावा आणि मग त्यावर विरोधात मत द्यावं!

सदस्यांचा पगार किती म्हणाल, तर वर्षाला १२ हजार डॉलर. इतक्यात कुणाचं घर चालत नाही, म्हणून तिथे श्रीमंत शेतकरी, व्यावसायिक, निवृत्त माणसं जास्त. चेंबर्स ओमाहाहून लिंकनला, म्हणजे साधारण ८० किलोमीटर, स्वतः गाडी चालवत जात. सभागृहात बाकीचे सुटाबुटात, हे जीन्स आणि साध्या टी-शर्टात. लॉबीवाल्यांच्या मेजवान्यांना जात नसत. कायद्याची पदवी त्यांनी आमदारकी सांभाळून १९७९ साली मिळवली, पण वकिलांच्या संघटनेचं सक्तीचं सदस्यत्व मान्य नाही म्हणून वकिली कधी केली नाही.

त्यांनी काय काय करून घेतलं? ओमाहाची नगर परिषद तेव्हा संपूर्ण शहरातून निवडली जायची, त्यामुळे एका कोपऱ्यात कोंबलेल्या काळ्या वस्तीचा माणूस निवडून येणं जवळपास अशक्य. चेंबर्सनी प्रभागवार निवडणुकीचा कायदा करून घेतला आणि १९८१ साली पहिला काळा सदस्य परिषदेत गेला. शाळेत मुलांना मारायला बंदी, कोठडीत मृत्यू झाला तर ज्युरीकडून चौकशी, ही कामं त्यांच्या नावावर आहेत. आणि १९८० साली, जगातले बडे देश अजून कानकोंडे होऊन बसले होते तेव्हा, मक्याच्या शेतांच्या या राज्याच्या विधिमंडळाने वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी धंदा करणाऱ्या कंपन्यांतून सार्वजनिक पैसा काढून घ्यावा असा ठराव केला. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. ठराव कुणाचा? त्या सभागृहातल्या एकुलत्या एका काळ्या सदस्याचा. अमेरिकन संसदेला दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध घालायला १९८६ उजाडलं, तेही राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार मोडून काढून.

फुटबॉलचं प्रकरण तर मला सगळ्यांना धरून धरून सांगावंसं वाटतं. नेब्रास्कात विद्यापीठाचा फुटबॉल संघ म्हणजे दैवत. सामन्याच्या दिवशी लिंकनच्या मैदानात जवळपास ९० हजार माणसं जमतात. त्या राज्यात एवढ्या वस्तीची शहरं दोनच, ओमाहा आणि खुद्द लिंकन. चेंबर्स म्हणत होते की तिकिटं विकली जातात, दूरचित्रवाणीचे हक्क विकले जातात, प्रशिक्षक गडगंज होतो, आणि हाडं मोडून घेणाऱ्या पोरांना मात्र ‘हौशी’ म्हणून पैसा घ्यायला बंदी. हे कुठल्या न्यायात बसतं? १९८० च्या दशकात त्यांचं विधेयक सभागृहाने मंजूर केलं, गव्हर्नर के ऑर यांनी ते नाकारलं. २००३ साली पुन्हा मंजूर झालं आणि या वेळी सहीही झाली, पण अट अशी की विद्यापीठाचा संघ ज्या क्रीडा संघटनेत खेळायचा तिच्यातल्या इतर राज्यांनीही असाच कायदा करावा. कुणी केला नाही. महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावायची मुभा देशभर मिळाली ती २०२१ साली. चेंबर्स त्याच वर्षीच्या जानेवारीत सभागृहातून बाहेर पडले होते.

मग तो देवाचा खटला. यावरून जगभर हसू झालं, पण मूळ प्रकरण वाचलं तर हसण्यासारखं त्यात फार थोडं आहे. २००७ साली चेंबर्सनी डग्लस काउंटीच्या न्यायालयात थेट परमेश्वरावर दावा ठोकला. पूर, भूकंप, वादळं असली विध्वंसक कृत्यं त्याने थांबवावीत असा मनाई हुकूम मागितला. त्या काळात ‘फालतू’ खटल्यांना न्यायालयाची दारं बंद करावीत असा सूर निघत होता, आणि चेंबर्सना दाखवायचं होतं की एकदा फालतू कोणतं हे आधीच ठरवायला लागलात की न्यायालयाचं दार कुणासाठीही बंद करता येईल. न्यायाधीशांनी पुढच्या वर्षी दावा फेटाळला. कारण असं की प्रतिवादीचा पत्ता नाही, त्यामुळे त्याला समन्स बजावता येत नाही. यावर चेंबर्सचं म्हणणं होतं की देव सर्वज्ञ आहे हे न्यायालय मानतं, तर त्याला या खटल्याची माहिती आहे हेही मानायला हवं. कायद्याचा माणूस असाच बोलणार!

पण याच्या कितीतरी आधीचा, देवाशीच संबंधित दुसरा खटला मला जास्त मोलाचा वाटतो. नेब्रास्काचं विधिमंडळ रोज प्रार्थनेने सुरू व्हायचं आणि ती म्हणायला प्रेस्बिटेरियन पंथाचे एक पाद्री १९६५ पासून सरकारी पैशातून नेमलेले होते, महिना ३१९ डॉलर ७५ सेंट. चेंबर्सनी हे राज्यघटनेच्या विरोधात आहे म्हणून दावा लावला. खालच्या न्यायालयांत त्यांना यश मिळालं. प्रकरण वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९८३ साली सहा विरुद्ध तीन मतांनी ते हरले. देशाच्या पहिल्या संसदेपासून प्रार्थनेची प्रथा चालत आली आहे, हे बहुमताचं मुख्य कारण. ‘मार्श विरुद्ध चेंबर्स’ हा निकाल आजही तिथे कायद्याचे विद्यार्थी अभ्यासतात. हरलेल्या खटल्यातही त्यांचं नाव कायद्याच्या पुस्तकात कायम झालं, आणि बहुमताच्या विरोधात गेलेल्या तीन न्यायमूर्तींपैकी ब्रेनन यांनी लिहिलेलं मत वाचलं की चेंबर्सचा मुद्दा किती भक्कम होता हे कळतं.

सगळंच मला पटलं असं नाही. २००६ साली ओमाहाची सरकारी शाळाव्यवस्था तीन भागांत तोडायची दुरुस्ती त्यांनी आणली. भाग पडणार होते ते बहुतांशी वर्णाच्या रेषेवर, काळ्यांचा एक, गोऱ्यांचा एक, लॅटिनोंचा एक. शाळा प्रत्यक्षात वेगळ्याच आहेत, मग निदान आमच्या मुलांच्या शाळांचा कारभार आमच्या हाती द्या, हा त्यांचा युक्तिवाद. कायदा मंजूर झाला, देशभर गदारोळ उठला, नागरी हक्कांच्या सर्वात जुन्या संघटनेनेच न्यायालयात आव्हान दिलं, आणि पुढच्या वर्षी तो बदलण्यात आला. त्यांचा संताप मला समजतो. पण ज्या भिंती पाडायला आधीच्या पिढीने जीव दिला त्या कायद्याने पुन्हा आखणं मला मान्य होत नाही. २०१५ साली एका सुनावणीत पोलिसांची तुलना आयसिसशी करून त्यांनी मोठं वादळ ओढवून घेतलं. राजीनाम्याची मागणी झाली, त्यांनी माघार घेतली नाही. तो शब्द जहाल होता, आणि त्यांच्याच पुढच्या कामाला अडचणीचा ठरू शकला असता.

कारण त्यांचं आयुष्यभराचं काम त्याच वसंतात तडीला जाणार होतं. ते काम म्हणजे मृत्युदंड रद्द करणं. चेंबर्स सभागृहात आल्यापासून जवळपास दर अधिवेशनात हे विधेयक मांडत आले. १९७९ साली ते मंजूर झालं! गव्हर्नर चार्ल्स थोन यांनी नाकारलं. १९९९ साली सभागृहाने निदान स्थगिती द्यावी असं ठरवलं, तेही नाकारलं गेलं. मध्यंतरी १९९४, १९९६ आणि १९९७ मध्ये तीन माणसांना विजेच्या खुर्चीत मारण्यात आलं. २००८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती खुर्चीच क्रूर म्हणून घटनाबाह्य ठरवली.

त्याच सुमाराला चेंबर्सना सभागृह सोडावं लागलं. २००० साली मतदारांनी घटनादुरुस्ती केली होती की लागोपाठ दोन मुदतींपेक्षा जास्त कुणी सदस्य राहू शकणार नाही. या माणसाला घालवायचा दुसरा उपाय नाही म्हणून ही दुरुस्ती आली, असं तिथे सर्रास बोललं जातं. २००९ च्या जानेवारीत ३८ वर्षांनी ते घरी गेले. पण नियमात ‘लागोपाठ’ असं लिहिलेलं! चार वर्षं थांबून २०१२ साली, वयाच्या पंचाहत्तरीत, ते त्याच अकराव्या मतदारसंघातून पुन्हा निवडून आले. आणि आल्या आल्या तेच विधेयक.

या खेपेला मात्र सभागृहात काही वेगळंच घडत होतं. कोल्बी कोश नावाचे रूढीप्रिय, रिपब्लिकन सिनेटर विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. विद्यार्थी असताना १९९४ च्या त्या देहदंडाच्या रात्री ते तुरुंगाबाहेर गेले होते, आणि तिथे लोक जत्रेसारखा जल्लोष करताना बघून त्यांचं मन फिरलं होतं. कुणी कॅथलिक श्रद्धेतून आले, कुणी सरकारी खर्चाचा हिशेब मांडून. २० मे २०१५ रोजी विधेयक ३२ विरुद्ध १५ असं मंजूर झालं. गव्हर्नर पीट रिकेट्स यांनी ते नाकारलं. नकार मोडायला ४९ पैकी ३० मतं लागतात. मधल्या आठवड्यात गव्हर्नरांनी सदस्यांवर दबाव टाकला आणि दोघं फुटले. म्हणजे आता एकही आणखी फुटला तर संपलं. २७ मे रोजी मतदान झालं. तीस! नेमके तीस. मी तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला. १९७१ साली एकट्याने सुरू केलेल्या कामाला ४४ वर्षांनी नेमकी लागतील तेवढीच माणसं मिळाली, त्यातली कित्येक अशी की ज्यांचं चेंबर्सशी दुसऱ्या कुठल्याही प्रश्नावर जमलं नसतं. १९७३ च्या नॉर्थ डकोटानंतर मृत्युदंड रद्द करणारं हे पहिलं रूढीप्रिय राज्य.

पुढचं लिहिताना हात जड होतो. गव्हर्नरांनी आणि त्यांच्या वडिलांनी स्वतःचा पैसा घातलेल्या मोहिमेने सह्या गोळा केल्या, २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये सार्वमत झालं आणि सुमारे ६१ टक्के लोकांनी मृत्युदंड परत आणला. १४ ऑगस्ट २०१८ रोजी केरी डीन मूर यांना विषारी इंजेक्शनने मारण्यात आलं. त्यात फेंटॅनिल वापरलं गेलं, देशात पहिल्यांदाच. राज्यात २१ वर्षांनी झालेला तो देहदंड.

यानंतर एखादा थकला असता. चेंबर्सनी २०१९ च्या अधिवेशनात तेच विधेयक पुन्हा मांडलं. वय ८१. नियमाप्रमाणे जाहीर सुनावणी झाली, चर्चा झाली, आणि ते पडलं. मुदत संपायला दोन वर्षं उरली होती आणि पुन्हा उभं राहता येणार नव्हतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या अधिवेशनांचं शब्दन् शब्द उतरवलेलं कामकाज नेब्रास्काच्या विधिमंडळाने सगळ्यांना खुलं ठेवलंय. मी सध्या तेच वाचतेय. एका पानावर ते देहदंडाबद्दल बोलतात, दुसरीकडे माउंटन लायनची शिकार थांबवा म्हणून झगडतात, तिसरीकडे प्रेअरी डॉग नावाच्या, बिळात राहणाऱ्या छोट्याशा प्राण्याला मारायची मुभा देणारा कायदा रद्द करा म्हणून सभापतींकडे आणखी वेळ मागतात, आणि प्रत्येक ठिकाणी तोच सलूनमधला माणूस आहे, आवाज न चढवता एकेक वाक्य जोखून बोलणारा. अजून कितीतरी पानं बाकी आहेत!